कंबरभर की छातीभर? पाण्यातले व्यायाम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

दोन वर्षांआधी पावसाळ्यात शेतातून येताना पांदणीत गाडी घसरली आणि गुडघ्याखालचं हाड मोडलं. प्लेट बसली. अडीच महिने बाजेवर गेले. मग डॉक्टर म्हणाले, "आता त्या पायावर अर्धा भार द्यायला सुरुवात करा."

अर्धा म्हणजे किती? घरात कापूस मोजायचा काटा होता. माझं वजन ७० किलो. वॉकर धरून मोडका पाय काट्यावर ठेवला आणि ३५ वर आणला. जमलं. पण उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं. पाऊल टाकताना कधी २० पडायचे, कधी ६०. भीतीपोटी मी पाय टेकवणंच सोडलं. मांडी वाळत चालली. शेवटी फिजिओ मॅडम म्हणाल्या, "पाण्यात जा. नाभीपर्यंत पाण्यात उभे राहिलात की अर्धं वजन पाणीच उचलतं. तुम्हाला मोजायची गरज नाही."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे काका म्हणाले, "काहून भाऊ, धड चालता येत नाही अन् पोहाले चालला?" तेव्हा सुरुवातीलाच सांगून ठेवतो : यात पोहायचं नसतं. मला आजही पोहता येत नाही. पुढे गुडघेदुखीसाठी मायलाही नेलं, तिला तर पाण्याचीच भीती. हे सगळं उभं राहून, कठडा धरून, पाय जमिनीला टेकवून करायचं असतं.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले, सेवाग्राम फार लांब नाही. त्यामुळे पाण्याचा उपचार म्हटलं की जुन्या माणसांना गांधीजींचं कटिस्नान आठवतं. ते टबात बसून घ्यायचं, लुई कुन्हे या जर्मन निसर्गोपचारकाच्या पद्धतीचं. हे ते नाही. इथे पाण्याची उचल, दाब, अडवणूक आणि ऊब हे चार गुण वापरून फिजिओ व्यायाम करवून घेतात. पाणी किती खोल, किती कोमट आणि किती मिनिटं, हा त्यातला डोस. गोळी ५ मिलिग्रॅमची की ५० ची हे आपण विचारतो ना, तसंच "पाण्यात जा" एवढ्यावर थांबायचं नाही. किती पाण्यात, ते विचारून घ्यायचं.

१. पाणी अंगाला काय करतं, ते आधी समजून घ्या

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. मी गाळला होता. त्याची शिक्षा पुढे सांगतोच.

उचल. विहिरीतून दोर-बादलीने पाणी काढलं असेल त्याला हे शिकवावं लागत नाही. भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याच्या वर आली की हाताला हिसका बसतो. बादली तीच, पाणी तेच, फक्त खालून उचलणारं गेलं. बुडालेल्या भागाने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढं वजन पाणी उचलतं. आर्किमिडीजचा नियम शाळेत पाठ केला होता, तो इतक्या वर्षांनी कामी आला.

माणसाच्या अंगाचा हिशोब साधारण असा :
- नाभीपर्यंत पाणी : पायांवर जवळपास निम्मं वजन. ७० किलोच्या माणसाला ३५.
- छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत : ३५ ते ४० टक्के. म्हणजे २५ ते २८ किलो.
- गळ्यापर्यंत : १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ७ किलो.

हे आकडे माणसागणिक थोडे बदलतात. आणि ते स्थिर उभं राहण्याचे आहेत. चालायला लागलं की भार वाढतो, भरभर चाललं तर आणखी वाढतो. म्हणून सुरुवातीला नेहमी सांगितल्यापेक्षा थोड्या जास्त खोल पाण्यात आणि हळू.

दाब. टाक्याला वर भोक पडलं तर पाणी गळतं, तळाशी पडलं तर चिळकांडी उडते. खोलीबरोबर दाब वाढतो, आणि पाण्यात उभ्या माणसाचा सगळ्यात खोल भाग म्हणजे त्याची पावलं. चार फूट पाण्यात पावलांवर साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब पडतो. बीपी मोजताना खालचा आकडा ८० असतो, त्याच्याहून थोडा जास्तच. दाब तळाला जास्त आणि वर कमी, म्हणून पायात साचलेलं पाणी आणि रक्त वर ढकललं जातं. शिंप्याच्या टेपने मी पोटरी मोजायचो. पाण्यात उतरण्याआधी ३८ सेंटिमीटर, अर्ध्या तासाने ३७. क्रेप बँडेज कितीही नीट बांधलं तरी सगळीकडून सारखं बसत नाही, पाणी बसतं.

पण हे वर ढकललेलं रक्त जातं कुठे? छातीत. गळ्यापर्यंत पाण्यात गेलं की जवळपास ७०० मिलिलिटर रक्त पायातून आणि पोटातून छातीकडे सरकतं. हृदय जास्त भरतं आणि दर ठोक्याला जास्त रक्त फेकतं. निरोगी हृदयाला ते झेपतं, थकलेल्या हृदयाला झेपेलच असं नाही. त्यात छातीवर आणि पोटावर बाहेरून दाब असतो, त्यामुळे श्वास घेण्याचे कष्ट गळाभर पाण्यात दीडपटीहून जास्त होतात. दम्याच्या माणसाला गळाभर पाण्यात घुसमट होते ती घाबरल्यामुळेच असते असं नाही. त्याला कंबरभर पाण्यात आणा, बऱ्याचदा तेवढ्यानेच बरं वाटतं.

आणखी एक. छातीत रक्त वाढलं की शरीराला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, मग लघवी तयार होते. पंधरा-वीस मिनिटांत लागतेच. लाजण्यासारखं काही नाही, उतरण्याआधी जाऊन या आणि बाहेर आल्यावर पाणी प्या. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे विसरलं तर पाण्यात उभं राहूनही अंगातलं पाणी कमी होतं.

अडवणूक. नाल्याला गुडघाभर पाणी असताना तो ओलांडला असेल तर आठवा. सावकाश चाललं तर पाणी वाट देतं, घाई केली की पाय धरतं. वेग दुप्पट केला तर अडवणूक साधारण चौपट होते. व्यायामाच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे. डंबेल नको, वजन बांधायला नको. दुखलं की थांबायचं, आणि थांबलं की अडवणूकही तिथेच संपते. जमिनीवर वजन बांधलेला पाय हवेत असताना कळ आली तर तो खाली आणेपर्यंत कळ सोसावीच लागते. शिवाय तोल गेला तरी पाण्यात माणूस हळूहळू कलतो, सावरायला वेळ मिळतो. मायने पहिल्या दिवशी कठडा सोडला तो याच भरवशावर.

ऊब. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगाने ओढतं. म्हणून २८ अंशांची हवा छान वाटते आणि २८ अंशांच्या पाण्यात न हलता बसलं तर थोड्या वेळाने अंग शहारतं. ३३.५ ते ३५.५ अंश सेल्सियस पाण्यात अंगाला ना थंडी वाजते ना गरम होतं. दुखऱ्या सांध्यांसाठी, आखडलेल्या स्नायूंसाठी हेच पाणी लागतं. दमवणारा व्यायाम करायचा तर त्याहून गार बरं, कारण तेव्हा अंग स्वतःच तापतं. पोहण्याच्या स्पर्धांच्या तलावात २५ ते २८ अंश असतं. ते गुडघेदुखीच्या मायमावश्यांसाठी नाही.

२. डॉक्टरांकडून लेखी घ्या, आणि या गोष्टी लपवू नका

खालीलपैकी काही असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही :
- ताप, न भरलेली जखम, ऑपरेशनच्या टाक्यांतून येणारं पाणी
- हृदय कमजोर असणं, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, आटोक्यात नसलेला बीपी
- फिट येणं
- पायाच्या शिरेत रक्ताची गाठ. एकाच पोटरीला अचानक सूज, ऊब आणि दुखणं असेल तर आधी दवाखाना
- लघवीला जळजळ, लघवी किंवा शौचावर ताबा नसणं
- नायटा, खरूज, कानाचा फुटलेला पडदा
- फार दम लागणं

शुगरवाल्यांनी तळपाय रोज उजेडात बघावेत. ज्या पायाला टोचलेलं कळत नाही, त्याला तळाची खरबरीत फरशी सोललेलीही कळत नाही. पाण्यात मऊ पडलेली कातडी लवकर निघते. रबरी पकड असलेले पाण्यातले बूट घ्या, नाही मिळाले तर जुने मोजे तरी घाला.

आपल्या भागासाठी वेगळं सांगायचं ते सिकलसेलबद्दल. रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा हा आनुवंशिक आजार विदर्भात बराच आहे, आणि त्यात खुब्याचं हाड रक्त न मिळाल्याने खराब होतं, म्हणून तरुण पोरांनाही हे व्यायाम सांगितले जातात. पण थंड पाणी, ओल्या अंगाला वारा आणि अंगातलं पाणी कमी होणं, या तिन्हींनी त्यांना दुखण्याचा झटका येऊ शकतो. म्हणजे ज्याला हा उपचार लागतो, त्यालाच गार पाणी घातक. घरात कुणाला सिकलसेल असेल आणि स्वतःची तपासणी झाली नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारा. आणि अशा रुग्णाला गार तलावात "जरा वेळ तर आहे" म्हणून उतरवू नका.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून मागा : आजाराचं नाव, पायावर किती भार चालेल, पाणी कुठपर्यंत, आणि काय करायचं नाही. माझ्या पहिल्या चिठ्ठीवर फक्त "हायड्रोथेरपी" एवढा एक शब्द होता. तो दाखवून तलावाच्या खिडकीवरून मी दोनदा परत आलो. "इथं पेशंट नाही चालत," हे उत्तर. तिसऱ्यांदा पूर्ण चिठ्ठी नेली, सोबत फिटनेस सर्टिफिकेट, आणि पावती फाडून मिळाली.

३. कागद आणि सामान

कागद : आधार कार्डाची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो, वरची चिठ्ठी, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, शेवटच्या एक्स-रेचा मोबाइलवर फोटो. एसटीने जात असाल तर मूळ आधार जवळ असू द्या : महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. दिव्यांग सवलत असेल तर ते कार्डही. महिन्याला आठ-दहा फेऱ्या होतात, तेव्हा हे पैसे लहान नाहीत.

सामान :
- नायलॉन किंवा पॉलिस्टरचे अंगाला बसणारे कपडे. सुती नको, ते पाणी पितं आणि ओढतं.
- दोन टॉवेल. एक पाण्याबाहेर पडल्या पडल्या अंगावर घ्यायला, दुसरा पुसायला.
- पकड असलेली रबरी चप्पल
- पाण्याची बाटली, शुगरवाल्यांनी ग्लुकोज बिस्किटं
- पाण्याचा थर्मामीटर. मेडिकलमधला तापाचा आणू नका. तो तापासाठी बनवलेला असतो, गार पाण्यात टाकला की नुसता "लो" दाखवतो. माझे दोनशे रुपये असेच गेले. रंगीत मासे विकणाऱ्याकडे काचेचा छोटा मिळतो, तो चालतो.
- सोबत एक माणूस. हे सामानातच धरा.

मायचं घोडं कपड्यांपाशी अडलं. "मले लाज वाट्टे, म्या नाही येत त्या लोकाइत." नऊवारी नाही तरी पाचवारी नेसून उतरेन, हा तिचा हट्ट. ओली साडी पायात गुंतते, तोल घालवते, आणि बाहेर निघताना दोन-तीन किलो वजन वाढवते. शेवटी भाचीची पॉलिस्टरची लेगिंग आणि वर लांब बाह्यांचा टी-शर्ट, आणि बायकांची वेगळी बॅच. तुमच्या इथे बायकांची वेळ वेगळी आहे का, हे फोनवरच विचारा. नुसतं तेवढं विचारलं असतं तर आमची एक फेरी वाचली असती.

४. जागा

पहिली पसंती फिजिओथेरपीसाठीच बांधलेल्या कोमट पाण्याच्या हौदाला. असे हौद फार थोडे आहेत. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला इथली फिजिओथेरपीची कॉलेजं आणि मोठी रुग्णालयं, तिथे आधी फोन करून विचारा. प्रश्न तीनच : पाण्याचं तापमान किती, खोली किती, उतरायला पायऱ्या आहेत की नुसती शिडी? मोडक्या पायाने उभ्या लोखंडी शिडीवरून चढणं म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनला आमंत्रण.

दुसरी पसंती जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणचा पोहण्याचा तलाव, उथळ बाजू. इथे ऋतू बघावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत उघड्या तलावातलं पाणी बर्फ वाटतं, तेव्हा जाऊच नका. मार्च-एप्रिलपासून पाणी तापतं. मे महिन्यात उलटा प्रश्न : वर ४५ अंशांचं ऊन आणि खाली तापलेलं पाणी, मग अंगातली उष्णता बाहेर जायला जागाच नसते. तेव्हा सकाळची बॅच घ्या आणि व्यायाम सौम्य ठेवा.

तिसरी सोय म्हणजे शेतातलं पक्कं टाकं. माझ्या साळ्याकडे ठिबकसाठी बांधलेलं चार फूट पाण्याचं टाकं आहे, आतून सिमेंटच्या पायऱ्या. एसटी परवडेना तेव्हा दोन महिने मी तिथेच केलं. टाकं सकाळी भरायचं, अर्ध्यावर काळी पन्नी पसरायची, दुपारी चारपर्यंत एप्रिलच्या उन्हाने पाणी अंगाला बरं लागतं. उन्हात पडलेल्या ठिबकच्या नळीतलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते थेट अंगावर घेऊ नका, टाक्यात मिसळू द्या. पाणी रोज बदला.

आणि या चार जागा कुणी कितीही सांगितल्या तरी नकोच :

शेततळं. पन्नीवर शेवाळ धरतं, काठ उताराचा. धडधाकट माणूस घसरला तरी वर येता येत नाही. पोहता येणारी माणसंही तिथे गेली आहेत. पाय मोडलेल्याने तिकडे फिरकू नये.

विहीर. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट वाटतं, म्हणून लोक सुचवतात. बाहेरची हवा गार म्हणून ते कोमट वाटतं, एवढंच. अंगाच्या मानाने ते गारच असतं, आणि पाय टेकत नाही. पाय टेकत नसेल तर यातला एकही व्यायाम होत नाही.

कालवा आणि नदी. ओढ असते, तळ दिसत नाही.

गरम पाण्याचे झरे. पैनगंगेकाठचं उनकेश्वर आपल्याकडच्या लोकांना माहीत आहे. श्रद्धेने जा, पण तिथलं पाणी आपल्या ३५ अंशांच्या मापात बसत नाही. बीपी आणि हृदयाच्या रुग्णांनी गरम पाण्यात बसणं धोक्याचं आहे.

टाक्यातलं पाणी गरम करायला कुणी हिटरचा रॉड सोडत असेल तर त्याला तिथेच थांबवा. रॉड पाण्यात असताना कुणी आत उतरलं तर जीव जातो. आपल्याकडे अर्थिंग किती ठिकाणी धड असतं, ते सांगायला नको.

५. पहिला दिवस

जेवून दीड तास झालेला असावा. बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या, चुकवू नका. लघवीला जाऊन या. थर्मामीटर पाण्यात तीन मिनिटं धरा.

आधी काठावर बसून पाय सोडा, पोटऱ्या भिजू द्या. मग कठडा धरून एकेक पायरी. उतरताना चांगला पाय आधी की दुखरा, यावर आमच्यात वाद झाला होता. फिजिओंचं उत्तर जमिनीवरच्या जिन्यासारखंच : उतरताना दुखरा आधी, चढताना चांगला आधी.

ठरवलेल्या खोलीत पोचलात की दोन मिनिटं काहीच करू नका. फक्त श्वास घ्या. छाती दाबल्यासारखी वाटली तर एक पायरी वर या. मग :
- कठड्याला धरून पुढे दहा पावलं, मागे दहा. टाच आधी टेकवा.
- आडवं चालणं, दोन्ही बाजूंना.
- कठडा धरून टाचा उचलणं, दहा वेळा.
- पाय पुढे, मागे, बाजूला झुलवणं. सावकाश.

दहा मिनिटांत बाहेर. हो, दहाच.

आता माझी चूक. पहिले तीन दिवस नियमाने केलं. चौथ्या दिवशी गळ्यापर्यंतच्या पाण्यात गेलो. पाय दुखेना, सूज नाही, वजन नाही, वाटलं बरा झालो. पन्नास मिनिटं चाललो, वाकलो, पाय झटकले. दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा. चार दिवस बर्फ आणि मॅडमचे बोल. पाण्यात दुखत नाही म्हणजे सांध्याला काही होत नाही, असं नसतं. कोमट पाणी आणि दाब मिळून कातडीकडून मेंदूला इतका निरोप जातो की दुखण्याचा निरोप मागे पडतो. बिल पाण्याबाहेर येतं. म्हणून घड्याळ बघून थांबायचं, दुखण्याची वाट बघायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी मिनिटं निम्मी.

नाडी मोजून मेहनत ठरवू नका. छातीत रक्त जास्त असल्याने पाण्यात ठोके जमिनीपेक्षा कमी पडतात, त्यामुळे आकडा फसवतो. साधी खूण : व्यायाम करताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

६. बाहेर येणं

यावर कुणी बोलत नाही, म्हणून वेगळा मथळा दिला.

बादलीचा हिसका आठवतो? तोच तुमच्या पायाला बसतो. नाभीपर्यंत पाण्यात ३५ किलो, दोन पायऱ्या चढलात की ५०, शेवटच्या पायरीवर पूर्ण ७०. आणि ते सुद्धा दमलेल्या पायावर. त्याच वेळी पाण्याचा दाब सुटतो, रक्त पुन्हा पायात उतरतं, बीपी खाली येतो. कोमट पाण्यात शिराही सैल झालेल्या असतात. मला दुसऱ्याच दिवशी शेवटच्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. साळ्याने काखेत हात घालून धरलं, नाहीतर सिमेंटवर तोंडच आपटलं असतं.

तेव्हा गळ्यापर्यंतच्या पाण्यातून आधी छातीभर, एक मिनिट. मग कंबरभर, एक मिनिट. पोटऱ्या आवळा, सोडा. वॉकर किंवा काठी काठावर हाताशी ठेवलेली हवी, गाडीच्या डिकीत नाही. वर आल्यावर टॉवेल गुंडाळून पाच मिनिटं बसा, पाणी प्या, मग कपडे.

७. पुढचे आठवडे : पाणी कमी करत आणा

आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, अर्ध्या तासाच्या वर जायची गरज नाही.

डोस वाढवायच्या दोन खुंट्या आहेत. खोली कमी केली की भार वाढतो, वेग वाढवला की अडवणूक वाढते. दोन्ही एकदम फिरवू नका. माझं असं झालं : तीन आठवडे छातीभर, मग डॉक्टरांनी एक्स-रे पाहिल्यावर नाभीपर्यंत, मग कंबरेखाली. खोली कधी कमी करायची हे हाड मोडलेल्याने स्वतः ठरवू नये. गुडघेदुखीवाल्यांना तेवढं बंधन नाही. माय अजूनही छातीभरच पसंत करते. "पाण्यात त गुडघे हायत का नाही, समजतच नाही बाप्पा," म्हणते.

हातांसाठी : तळवा उभा धरून पाणी कापलं तर सोपं, पसरून ढकललं तर जड. तेवढा फरक पुरतो. खांदा आखडलेल्यांनी गळ्यापर्यंत पाण्यात बसून हात नुसता वर तरंगू द्यावा, जमिनीवर जो हात उचलत नाही तो पाणी उचलतं. रिकामे तेलाचे कॅन काखेत धरून पाय सायकलसारखे चालवता येतात, पण कॅन निसटतो. ज्याचे पाय टेकत नाहीत त्याने कॅनच्या भरवशावर राहू नये.

आणि घरचे व्यायाम बंद करू नका. पाण्यात चालता आलं म्हणजे बांधावर चालता आलं असं नाही. बांधावर ७० चे ७० किलो स्वतःच न्यायचे असतात. मी आठवड्यातले तीन दिवस पाण्यात आणि तीन दिवस अंगणात वॉकर घेऊन, असं ठेवलं होतं.

८. लगेच थांबा, जर

छातीत दुखलं, धाप बसेना, डोकं गरगरलं, ओठ निळे पडले किंवा थंडी वाजून दात वाजायला लागले, पोटरीत एका जागी दुखून सूज आली, जखमेतून पाणी आलं. सिकलसेलच्या रुग्णाचं हाडांत दुखणं सुरू झालं तर त्याला कोरडं करून, गरम कपड्यात, पाणी पाजत दवाखान्यात न्या. उद्या बघू म्हणू नका.

तलावाचं पाणी हिरवट असेल, तळ दिसत नसेल किंवा डोळ्यांना झोंबणारा वास फार असेल तर त्या दिवशी परत या. गेलेलं तिकीट परवडतं.

टाक्यात करणाऱ्यांसाठी शेवटचं. पाणी संध्याकाळी वांग्याच्या वाफ्याला सोडता येतं, साबण लावून उतरू नका म्हणजे झालं. ग्रामपंचायतीतून आणून टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकलं असेल तर पाणी एक दिवस उन्हात उघडं ठेवा, मग सोडा. आणि रिकाम्या टाक्याच्या पायऱ्या दर दोन दिवसांनी खराट्याने घासा, शेवाळ सगळ्यात आधी तिथेच धरतं.